पट्टीमागचा गंज

जुनी गाडी इंजिनानं मरत नाही, पत्र्यानं मरते. बेळगाव-खानापूर पट्ट्यात ज्यानं एखादी गाडी पंधरा-वीस वर्षं सांभाळली आहे, त्याला हे पटवून द्यावं लागत नाही. इंजिनाला इलाज असतो. हेड उतरवता येतं, बोअर करता येतो, रिंगा-पिस्टन नवे घालता येतात. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर हात बसलेली माणसं असल्यामुळं बाजारात न मिळणारा एखादा बुशसुद्धा आपल्याकडं घडवून मिळतो. पत्र्याचं तसं नाही. दाराची खालची कड एकदा कुजली की कापा, नवा तुकडा जोडा, लांबी भरा, रंग मारा, आणि थोड्या पावसाळ्यांनी त्याच जागी परत फोड आलेला बघा.

हा गंज सुरू कुठं होतो, यावर मी बरीच वर्षं नजर ठेवून आहे. उघड्या पत्र्यावर, जिथं ऊन-वारा लागतो आणि पाणी लगेच सुकतं, तिथं तो क्वचित सुरू होतो. तो धरतो झाकलेल्या जागी. दाराच्या बाजूला आडव्या बसवलेल्या शोभेच्या पट्टीमागं, काचेखालच्या रबरी बीडिंगच्या फटीत, चाकावरच्या कमानीला बसवलेल्या प्लॅस्टिकच्या कडेआड, मागच्या नंबरप्लेटवरच्या चकचकीत पट्टीखाली. पट्टी घट्ट बसलेली असते तोवर काही बिघडत नाही. ती एका टोकाला सुटली, मागं नखाएवढी फट पडली, की पाणी आत शिरतं. पाण्याबरोबर चिखल शिरतो, चिखल ओल धरून ठेवतो, आणि बाहेर कडक ऊन असलं तरी पट्टीमागचा पत्रा ओलाच राहतो.

पट्टी सुटलीय म्हणून गाडी गॅरेजला नेली की आमच्याकडं ठरलेली दोन उत्तरं मिळतात. पहिलं, “शोची पट्टी हाय, काढून टाका की.” दुसरं, “दोन रिपिट मारूया, परत हलायची न्हाई.” ही दोन्ही उत्तरं मला मान्य नाहीत. जुन्या गाड्यांची पट्टी पत्र्याला भोकं पाडून क्लिपांवर बसवलेली असते. पट्टी काढली की ती भोकं उघडी पडतात आणि पावसाचं पाणी थेट दाराच्या पोटात जातं. रिपिट, म्हणजे रिव्हेट, मारली तर आणखी नवी भोकं पडतात. ड्रिलनं पाडलेल्या भोकाच्या कडेला रंग नसतो, नुसतं लोखंड असतं, आणि रिपिटीच्या डोक्याखाली त्याचं काय चाललंय हे कुणाला दिसत नाही. पट्टी हलत नाही हे खरं. पण पट्टी हलू नये हा मुळात मुद्दाच नव्हता. मागं पाणी जाऊ नये, हा मुद्दा होता.

आपल्या जिल्ह्यात हे जास्त भोगावं लागतं, कारण इथं एकाच जिल्ह्यात दोन हवामानं नांदतात. पश्चिमेला जांबोटी आणि मलप्रभा नदी जिथं उगम पावते ते कणकुंबी, तो भाग पावसाळाभर भिजत असतो. कपडे सुकत नाहीत तिथं दाराचं पोट काय सुकणार. पूर्वेला अथणी, रायबागकडं गेलं की पावसाची वाट बघावी लागते आणि उन्हाला मात्र दयामाया नाही. अथणीकडच्या जुन्या गाडीचं रबर हाताला कडक लागतं, बोटानं दाबलं तर तडकतं. काळ्या प्लॅस्टिकची पट्टी पांढरी पडलेली असते, पण पत्रा बऱ्याचदा शाबूत. खानापूरकडच्या गाडीचं रबर मऊ आणि पत्रा पोखरलेला. आणि जी गाडी नित्यनेमानं चोर्ला घाट उतरून गोव्याला जाते, तिला घाटातलं पाणी आणि खाली समुद्राची खारी हवा असं दोन्ही मिळतं. सेकंडहँड गाडी बघताना मी बॉनेट नंतर उघडतो. आधी दाराच्या पट्टीवर अंगठा दाबत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. कुठं ती दबते, कुठं बारीक टक आवाज येतो, कुठं कडेतून तांबूस पाणी सुटतं, एवढ्यानं बरंच कळतं.

आमच्या घरात वडिलांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली, 1089 सीसीची, गिअरचा दांडा स्टेअरिंगखाली असलेली. फियाटच्या 1100 मॉडेलचा हा भारतीय अवतार 1974 पासून पद्मिनी या नावानं ओळखला गेला. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. त्या टॅक्सी पळत होत्या तोवर या गाडीच्या सुट्या भागांना रोजचं गिऱ्हाईक होतं. आता पट्टी वाकली किंवा हरवली तर तिच्यासारखी दुसरी मिळवायला माणसं शोधावी लागतात. म्हणून ती काढताना घाई करायची नाही, हा पहिला नियम.

आमच्या बेळगावातल्या शहापूरचे डेंटिंगचे मेस्त्री घरी कन्नड बोलतात आणि गिऱ्हाइकाशी बेळगावी मराठी. पट्टी काढायची रीत मी त्यांच्याकडून घेतली. मी पहिल्यांदा पद्मिनीच्या दाराशी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो तेव्हा ते मागं येऊन उभे राहिले.

“काय करूलाईसा?”

“पट्टी काढूलोय.”

“ते ठेवा बाजूला. पट्टी वडायची नसते हो. वडली की वाकती, आणि वाकली की संपलं. क्लिप कुठं हाय ते हुडकायचं, आणि तिथंच उचलायचं.”

त्यांनी बांबूची एक पाचर तासून दिली. तिची धार अशी की कागद सरकवावा तशी पट्टीमागं सरकावी, पण रंगाला ओरखडा नको. आधी पट्टीच्या वर-खाली मास्किंग टेप लावून घेतली. मग पाचर आत घालून हळूहळू पुढं न्यायची. जिथं ती अडते तिथं क्लिप. क्लिपच्या अगदी जवळ पाचर थोडी पिळली की पट्टी तेवढ्या जागी सुटते. मग पुढची क्लिप. एका टोकाकडून सोलून काढायचा मोह होतो, पण तसं केलं की पातळ धातूला कुठंतरी बारीक घडी पडते, आणि ती घडी परत कधीच सरळ होत नाही. उन्हात नेमकी तीच चमकते.

पट्टी हातात आली आणि मागं चिखलाची एक वडी निघाली. पट्टीच्या आतल्या खोबणीचा आकार घेतलेली, वाळून घट्ट झालेली. तोडून बघितली तर आत थर होते. बाहेरचा काळा, आमच्या शिवारातल्या मातीचा. त्याच्या आत तांबडा, जांभ्याचा, खानापूर-जांबोटीच्या रस्त्यावरचा. मग परत काळपट. वडील हयात असताना दर उन्हाळ्यात आम्ही याच गाडीनं त्या बाजूला आत्याच्या गावी जात होतो. ती वडी मी टाकून दिली, कारण तिच्या मागचा पत्रा बघायचा होता. भोकांच्या भोवती रुपयाएवढे गंजाचे गोल, रंग फुगलेला, दोन भोकांच्या मधे मात्र कारखान्यातला मूळ रंग जसाच्या तसा.

भोकाभोवतीच गंज का, हे मेस्त्रींनी क्लिप दाखवून सांगितलं. स्प्रिंगची क्लिप पत्र्यात दाबून बसवताना तिची धार रंग खरवडते. गाडी धावताना पट्टी थरथरते, क्लिप घासते, आणि उघड्या लोखंडाला पाणी मिळतं. त्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकून ओले राहिले की एक दुसऱ्याला खातो. पट्टी स्टेनलेसची असेल तर गाडीचा पत्रा कुजतो. ॲल्युमिनियमची असेल तर उलट, पट्टीच मागून पांढरी पडून पोखरते. दोघांच्या मधे काहीतरी हवं: प्लॅस्टिकची बारीक टोपी, रबराचा वायसर, निदान ग्रीसचा किंवा फट बुजवणाऱ्या सीलंटचा थेंब. कारखान्यातून काही ठिकाणी ते दिलेलं असतं, पण पहिल्या-दुसऱ्या डेंटिंगच्या वेळी ते हरवतं आणि नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही.

गंज काढणं हे या कामातलं सगळ्यात वेळखाऊ, आणि तेच मन लावून करायचं. वायर ब्रशनं सुटा गंज झाडायचा, मग 80 नंबरचा पॉलिश पेपर, लोखंड चमकेपर्यंत. खड्ड्यात बसलेला गंज पेपरनं निघत नाही, तिथं फॉस्फोरिक ॲसिडचं कन्व्हर्टर ब्रशनं लावायचं. ते गंजाशी मिळून त्याचं लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करतं, आणि तो थर पुढं गंजत नाही. ते पुसून, सुकवून, 220 चा पेपर हलका फिरवायचा, मग प्रायमर, मग रंग. आपल्याकडं एक सवय आहे, रेड ऑक्साइड मारायचा आणि “झालं” म्हणायचं. प्रायमर पाणी शोषतो. त्यावर रंगाचा हात पडला नाही तर तो स्पंजासारखा ओल धरतो आणि गंज आतल्या आत चालू राहतो. भोकाची आतली कडसुद्धा रंगवायची. त्यासाठी मी काडेपेटीची काडी वापरतो, तिच्या टोकाला रंगाचा थेंब धरून भोकात गोल फिरवायची. रंग पुरता कडक झाल्यावरच क्लिप बसवायची. ओल्या रंगात बसवली की ती तो खरवडून नेते आणि सगळी मेहनत वाया.

क्लिप परत बसवताना प्रत्येक भोकाभोवती सीलंटचं बारीक कडं द्यायचं. इथं एक गोष्ट आवर्जून सांगतो. हार्डवेअरच्या दुकानात जे स्वस्त सिलिकॉन मिळतं, ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ते पत्र्याला लावू नका. तो वास ॲसिटिक ॲसिडचा असतो. सुकताना ते ॲसिड सोडतं, आणि नुकतंच ज्या लोखंडाचा गंज काढला त्याच्यावरच ते बसतं. काचेच्या खिडकीला ते ठीक आहे. गाडीला वासाचं नसलेलं, न्यूट्रल म्हणून मिळणारं, किंवा सरळ ऑटोमोबाइलचं पॉलियुरेथेन सीलंट घ्यावं. शिवाय सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी नंतर रंग धरत नाही, बारीक बारीक भोकं पडून फाटतो, आणि पेंटर वैतागतो.

ही झाली जुन्या धातूच्या पट्टीची गोष्ट. भाच्याकडं मारुतीची झेन आहे, तिच्या दाराला प्लॅस्टिकची मोल्डिंग, चिकटवलेली. हे वेगळंच शास्त्र आहे. इथं क्लिप नाही, भोक नाही, सगळा भार दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर. ही टेप म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातली पांढऱ्या स्पंजाची टेप नव्हे. ती ॲक्रिलिक फोमची असते, जेमतेम एक मिलीमीटर जाडीची, आणि तिच्या जाडीतच तिचं सगळं काम आहे. बेळगावात एप्रिलच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीची काळी पट्टी हात ठेवू देत नाही, आणि पहाटे तीच गार पडलेली असते. दिवस-रात्रीत 40 अंशांचा फरक सहज पडतो. एवढ्या फरकानं एबीएस प्लॅस्टिकची मीटरभर पट्टी तीन मिलीमीटरच्या आसपास वाढते, आणि तिच्या मागचा पोलादी पत्रा मात्र जेमतेम अर्धा मिलीमीटर. दोघं एकमेकांना चिकटलेले, पण दोघांची चाल वेगळी. मधला फोम हा फरक ताणून-आक्रसून सांभाळतो. रोज, वर्षानुवर्षं.

म्हणूनच झटकन चिकटणारा गोंद इथं टिकत नाही. एका थेंबात पट्टी धरते खरी, पण तो गोंद सुकून काचेसारखा कडक होतो. त्याला ताणता येत नाही. थोड्याच दिवसांत ऊन-गारव्यानं त्याचे तुकडे पडतात, आणि जाताना तो रंग घेऊन जातो. शिवाय सुकताना उडालेल्या वाफेनं आजूबाजूच्या रंगावर पांढरट झाक येते. भाच्याच्या गाडीला आधीच्या मालकानं असा गोंद लावलेला होता. ते गुठळे काढायला आम्हाला नव्या टेपेपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला.

टेपेच्या कामात नऊ आणे काम जुनं काढण्यात आहे, असं मी म्हणेन. आधी पट्टीच्या वरच्या कडेला लागून मास्किंग टेप लावून जागा धरून ठेवायची, नाहीतर नंतर पुढच्या आणि मागच्या दाराची पट्टी एका रेषेत येत नाही आणि ते लांबूनसुद्धा डोळ्याला खुपतं. मग हेअर ड्रायरनं पट्टी गरम करायची, हाताला सोसेल एवढीच. मासे पकडायच्या गळाची नायलॉन दोरी मागं घालून करवतीसारखी पुढं-मागं ओढायची. फोम कापला जातो, पट्टी मोकळी होते. राहिलेला फोम अंगठ्यानं चोळून त्याच्या गोळ्या करत काढायचा. कंटाळवाणं काम आहे, बोटं हुळहुळतात, पण पात्यानं खरवडण्यापेक्षा बरं. चिकट अंश जात नसेल तर रॉकेलचा बोळा चालतो, मात्र रॉकेल तेलकट थर सोडतं. त्यामुळं शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हवाच. निम्मं अल्कोहोल, निम्मं शुद्ध पाणी, स्वच्छ सुती फडका, एकाच दिशेनं पुसायचं, आणि फडक्याची बाजू बदलत राहायची.

कोरोनानंतर घराघरांत सॅनिटायझरच्या बाटल्या उरल्या आहेत. तेही अल्कोहोलच की, असं भाच्यानं विचारलं. ते इथं चालत नाही. हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन घातलेलं असतं; जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीतच ते 1.45 टक्के आहे. ते उडून जात नाही, पत्र्यावर पातळ पडदा बनून राहतं, आणि टेप पत्र्याला न चिकटता त्या पडद्याला चिकटते. गाडीला पॉलिश किंवा वॅक्स केलेलं असेल तर तीच तऱ्हा. चकाकी आणणारी बहुतेक पॉलिशं सिलिकॉनची असतात. हौसेनं पॉलिश केलेल्या गाडीच्या पट्ट्या लवकर सुटताना मी बघितल्यात, आणि मालकाला वाटतं टेप खराब होती.

टेप पट्टीला लावताना कडेपासून दोन-तीन मिलीमीटर आत ठेवायची, कोपरे गोल कापायचे, आणि ओढून लावायची नाही. ताणून लावलेली टेप नंतर आक्रसते आणि टोकं उचलते. मग वरचा लाल कागद एकदम काढायचा नाही. दोन्ही टोकांचा थोडा थोडा सोलून बाहेर दुमडून ठेवायचा, पट्टी मास्किंगच्या खुणेला लावून जागा बघायची, टोकं टेकवायची, आणि मग मधला कागद हळूहळू खेचत मागोमाग पट्टी दाबत जायचं. एकदा टेकली की सरकवता येत नाही, म्हणून हा खटाटोप. दाबायला मी लाटणं वापरतो, वर फडकं गुंडाळून, पूर्ण वजन देऊन. हा गोंद दाबानं पत्र्यावर पसरतो आणि सूक्ष्म खाचांत भरतो, आणि त्याला वेळ लागतो. नेहमीच्या तापमानाला साधारण 20 मिनिटांत निम्मी पकड येते, 24 तासांत नव्वद टक्के, आणि 72 तासांत पूर्ण. तोवर गाडी धुवायची नाही, पावसात न्यायची नाही, आणि पोरांना पट्टीवर पाय देऊ द्यायचा नाही. थंडीत, पत्रा 15 अंशांच्या खाली असताना हे काम करूच नये. गोंद कडक असतो, पसरतच नाही.

काचेखालची रबरी बीडिंग हा तिसरा प्रकार, आणि सगळ्यात दुर्लक्षित. काच खाली-वर होताना पुसणारी ती काळी पट्टी आखडली की काचेवरून वाहणारं पाणी सगळं दारात उतरतं. थोडं पाणी तसंही उतरतंच, म्हणून दाराच्या तळाला निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात. आपल्या मातीनं ती बुजतात. दार उघडून बंद करताना आत पाणी खळखळलं तर समजावं. जुन्या सायकलच्या स्पोकनं ती भोकं मोकळी केली की कधी कधी पेलाभर तांबडं पाणी निघतं. बीडिंग नवी घालायला फार खर्च येत नाही, पण झेनसारख्या बंद झालेल्या मॉडेलची नेमकी मिळेलच असं नाही. मापाला जवळची घेऊन टोक कापून बसवावी लागते, आणि कापलेल्या टोकाला रबराचा गोंद लावून ते बंद करावं लागतं.

ऊसगाळपाच्या दिवसांत निपाणी-चिक्कोडीकडच्या रस्त्यांवर आणखी एक संकट असतं, बाहेर आलेल्या उसांच्या ट्रॉल्या. शेजारून जाताना एखादं वाढं पट्टीच्या सुटलेल्या टोकात अडकलं की पट्टी बघता बघता उपटून निघते. टोक बसलेलं असेल तर ऊस घसरून जातो, फार तर ओरखडा. आणि खंडेनवमीला गाडी धुताना सर्व्हिसिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप पट्टीच्या कडेला अगदी जवळून धरतात, तेव्हा तिथं उभं राहून त्यांना हात लांब धरायला सांगावं. पाण्याचा तो झोत कडेतून घुसला की टेप मागून उचलते. झेंडूची माळही पट्टीच्या टोकाला बांधू नये, आरशाच्या दांड्याला बांधावी.

आपल्याकडं खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, आणि मग दर 5 वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. लोक त्या तपासणीच्या आदल्या आठवड्यात पट्ट्या चिकटवायला धावतात, आणि तेव्हा जे हाती लागेल त्यानं चिकटवतात. त्यापेक्षा मार्च-एप्रिल धरावा. पत्रा कोरडा असतो, प्रायमर-रंग वेळेत सुकतात, टेपेला हवी तेवढी ऊब मिळते, आणि वळीव यायला अवधी असतो. मेस्त्रींकडंही तेव्हा गर्दी कमी असते. निघालेल्या जुन्या क्लिपा, तुटक्या असल्या तरी, एका डब्यात ठेवून द्याव्यात. नवी घडवायची तर लेथवाल्याला नमुना दाखवायला त्याच लागतात. आणि एका बाजूची पट्टी सुटली असेल तर दुसऱ्या बाजूचीही त्याच वेळी काढून बघावी. बाहेरून ती कितीही घट्ट वाटली तरी तिनंही तेवढेच पावसाळे काढलेले असतात.